उगवाईच्या रानात एक दिवस, आणि आमच्या गावची राई



ऊस गेला, पाचटाची कुट्टी झाली, खोडव्याला पहिलं पाणी बसलं. दोन दिवस मोकळे मिळाले म्हणून राजारामपुरीत थोरल्या बहिणीकडं आलो होतो. या पानावर मी एरवी हुमणी, खोडवा, पाण्याच्या पाळ्या असलं लिहितो. आज जरा वेगळं लिहितोय. लांब झालंय, पण वाचा. पाण्याशी संबंध आहेच.

सकाळी बहिणीच्या घरात नळाला पाणी आलं. भाचा म्हणाला, "मामा, हे काळम्मावाडीचं पाणी. थेट पाईपलाईनचं." ही पाईपलाईन २०२३ च्या दिवाळीत सुरू झाली, किती वर्षं नुसती चर्चा चालली होती ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. मी त्याला विचारलं, काळम्मावाडीच्या धरणात पाणी कुठनं येतं रे? म्हणाला, "पावसाचं." बरोबर आहे. पण पाऊस पडून गेल्यावर फेब्रुवारी-मार्चात सुद्धा ओढे वाहतात ते कशानं? तर तो गप्प. पोरगा उद्यमनगरात लेथवर काम करतो, हुशार आहे, पण नदीचा उगम त्यानं बघितलेला नाही. मीही पस्तीस वर्षं भोगावतीच्या पाण्यावर ऊस केला आणि तिचं रान नीट चालून कधी बघितलं नव्हतं. गाडीतनं गेलोय, फोंड्याला, लग्नाला. दुसऱ्या दिवशी त्याची सुट्टी होती. म्हटलं, चल.

आता राजारामपुरीत बसून जंगलाची गोष्ट सांगायची तर सुरुवात टेंबलाईपासनंच करायला पाहिजे, कारण ती जवळ आहे. गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, तरी थोडक्यात. कोल्हासुराच्या पोरानं, कामाक्षानं, देवांना मंतरून शेळ्यामेंढ्या केलं होतं. त्याच्याकडचा योगदंड त्र्यंबोलीनं युक्तीनं काढून घेतला आणि सगळे सुटले. मग विजयाचा सोहळा झाला, आणि नेमकं त्र्यंबोलीलाच बोलवायचं राहिलं. ती रुसली आणि शहराकडं पाठ करून टेकडीवर जाऊन बसली. तिची समजूत काढायला अंबाबाई स्वतः गेली. म्हणून अजून ललितापंचमीला अंबाबाईची पालखी टेंबलाईला जाते, तिथं कोहळा फोडतात, आणि त्या कोहळ्याच्या तुकड्यासाठी काय झुंबड उडते ते तुम्ही बघितलं असेल.

दुसरा सण आषाढातला. मंगळवारी-शुक्रवारी पंचगंगेला आलेलं नवं पाणी कलशात भरून पोरी डोक्यावर घेतात, पुढं वाजंत्री, ती 'पी ढबाक', आणि ते पाणी टेंबलाईच्या पायऱ्यांवर नेऊन ओततात. लहानपणी मला हा सण कळायचा नाही. पाणी नदीतनं उचलायचं आणि टेकडीवर ओतायचं, ह्यात काय आहे? आता वाटतं, पाणी कुठनं तरी वरनं येतंय आणि त्याचं कुणाला तरी देणं लागतोय, एवढं त्या लोकांना पक्कं ठाऊक होतं. नळाच्या माणसाला ते ठाऊक असायचं कारण नाही.

पंचगंगा म्हणजे कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती, आणि पाचवी गुप्त सरस्वती. प्रयाग चिखलीला संगम. ह्यातली भोगावती येते दाजीपूरच्या रानातनं.

सकाळी सहाला निघालो. रंकाळा, पुईखडी, वाशी, हळदी, परिते. दोन्ही अंगाला ऊसच ऊस. कुठं तोड चालू, कुठं फड पेटवलेला. राधानगरी गेलं की फेजिवडे, आणि तिथं धरण. भाच्यानं फोटो काढायला गाडी थांबवली. मी त्याला धरणाची हकिकत सांगत बसलो. म्हणजे आठवत गेली तशी.

शाहू महाराज १८९४ ला गादीवर बसले. १९०२ ला विलायतेला जाऊन आले आणि त्याच साली त्यांनी संस्थानाचं पाटबंधाऱ्याचं धोरण काढलं. त्या आधीच्या दुष्काळात माणसांचे आणि जनावरांचे काय हाल झाले ते त्यांनी डोळ्यानं बघितलेलं. भोगावती अडवायची योजना १९०७ ची. जवळ पेठ वसवली तिला लेकीचं नाव दिलं, राधानगरी. तलावाला राणीसाहेबांचं, लक्ष्मी तलाव. संस्थान केवढं, खजिना केवढा, आणि धरण केवढं! पैसा पुरेना, मध्ये महायुद्ध, काम थांबलं. १९२२ ला महाराज गेले तेव्हा धरण अपुरंच होतं. त्यांच्यामागं राजाराम महाराज गादीवर आले, ज्यांच्या नावाची ही आमच्या बहिणीची राजारामपुरी. काम पुन्हा सुरू झालं, आणि भिंत पूर्ण व्हायला स्वातंत्र्यानंतरची दहा वर्षं लागली. म्हणजे ज्यानं पाया घातला त्यानं पुरं झालेलं धरण बघितलं नाही.

आज त्याची साठवण ८.३६ टीएमसी. सात दरवाजे, आपोआप उघडणारे. पाण्याची पातळी ठरल्या रेषेला आली की दाब आणि वजनाच्या तोलावर दरवाजा आपसूक वर होतो, माणूस लागत नाही. एका दरवाजातनं १,४२८ क्युसेक. साती उघडले की दहा हजाराच्या आसपास. पावसाळ्यात आमच्याकडं मोबाईलवर 'तिसरा उघडला', 'पाचवा उघडला' असे मेसेज सुरू झाले की आम्ही मोटारी वर काढतो. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. २०१९ ला ५५ च्या वर गेलं, २०२१ ला त्याच्याही वर. माझा सव्वा एकर ऊस दोन्ही वेळेला कुजला. हे सगळं पाणी वरनं येतं आणि ज्या रानातनं येतं ते बघायला मी पंचावन्नाव्या वर्षी चाललो होतो. असो.

दाजीपूरच्या गेटवर नोंद केली, पैसे भरले, वाटाड्या घेतला. आत एकट्यानं फिरता येत नाही आणि ते बरंच आहे. पावसाळ्यात रान बंद असतं.

आत शिरल्या शिरल्या पहिली गोष्ट ध्यानात आली ती गारवा. फेब्रुवारी संपत आलेला, बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि आत अंगावर काटा. दुसरी गोष्ट पायाखाली. पाऊल पडलं की दबतं. मी वाकून हातानं उकरलं. वर वाळका पाला, त्याखाली अर्धवट कुजलेला, त्याखाली काळं भुसभुशीत, चहाच्या चोथ्यासारखं, आणि त्याला ओल. फेब्रुवारीत! चार बोटं खोल गेलो तरी ओलच. आमच्याकडं एकरी दहा टन शेणखत टाकून आणि पाचट कुजवून सुद्धा मातीला असा हात लागत नाही. वाटाड्या म्हणाला, "काय हरवलं काय काका?" भाचा हसायला लागला.

झाडं म्हणाल तर अंजनी, जांभूळ, हिरडा, ऐन, किंजळ, कुंभा, नाणा. गारंबीच्या वेली माणसाच्या मांडीएवढ्या जाड, ह्या झाडावरनं त्या झाडावर. कारवी सगळीकडं. वर शेकरू दिसलं, दोनदा. गवा दिसला नाही. पो मात्र दिसला, ताजा, त्यावर माश्या. सांबरकोंड, सावराई सडा ही नावं नुसती ऐकली होती. सड्यावर आलं की झाडं संपतात, जांभा दगड आणि वाळकं गवत, आणि पुढं एकदम कडा, खाली कोकण. भाचा तिथं अर्धा तास बसला. मला सड्यापेक्षा आतलं रान आवडलं.

ह्या रानाचा इतिहास सरळ नाही. आधी हे कोल्हापूरच्या महाराजांचं शिकारीचं राखीव रान. शाहू महाराज शिकारीचे मोठे शौकीन, कोल्हापुरात चित्ते पाळून शिकार व्हायची हे प्रसिद्धच आहे. म्हणजे गवा वाचला तो महाराजांना शिकार पाहिजे होती म्हणून, असं म्हणलं तरी चालेल. दुसऱ्या कुणाला कुऱ्हाड लावायची मुभा नव्हती. १९४९ च्या मार्चमध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. राजाचं राखीव रान सरकारचं झालं. १९५८ साली दाजीपूर गवा अभयारण्य जाहीर झालं, आणि १९८५ ला वाढवून राधानगरी अभयारण्य केलं, ३५१ चौरस किलोमीटर. आपल्या हिशेबात साधारण ८७ हजार एकर. एका बाजूला राधानगरीचं पाणी, दुसऱ्या बाजूला दूधगंगेचं काळम्मावाडी. दोन्हीचं पाणलोट हेच रान. २०१२ ला पश्चिम घाटातल्या ३९ जागा जागतिक वारशात घेतल्या त्यात हे आहे, कास, कोयना, चांदोलीच्या बरोबर.

कागदावर चांगलंच दिसतं. पण ह्या रानात धनगरवाडे आहेत. त्यांची म्हसरं इथं पिढ्यान् पिढ्या चरली. रान राखायचं ठरलं की पहिली बंधनं त्यांच्यावर आली. महाराजांच्या वेळेलाही आणि नंतरही. रान राखल्याचं पाणी आम्ही खाली पितो, उसाला देतो, राजारामपुरीत नळाला येतं. राखल्याचा त्रास वर. हे मी कुणाला दोष द्यायला लिहीत नाही, पण हिशेब हिशेबासारखा मांडावा.

दुपारी उगवाईला आलो. शिवगडाच्या वाटेवर देवीचं ठाणं आहे. शिवगड म्हणजे फोंड्याच्या घाटवाटेवर नजर ठेवणारा किल्ला, आता थोडेफार अवशेष. भाचा गडावर जाऊन आला, मी देवीपाशी थांबलो. तिथली झाडं इतर रानापेक्षा वेगळी वाटली. जास्त जुनी, जास्त गच्च. का, ते तिथंच बसलेल्या एका म्हाताऱ्या धनगर बाबांनी सांगितलं.

"हितलं वाळकं पान सुदिक घरला न्ह्याचं न्हाई, पाव्हणं."

"कोण म्हणतं?"

"कोन म्हनतंय? आय म्हनती."

मी विचारलं, उगवाई नाव कसं पडलं. बाबा म्हणाले, "कुनी बसीवली न्हाई. उगावली. बी कुनी पेरलं न्हाई, म्हनून तोडायचा हक बी कुनाला न्हाई." तंबाखू मळत मळत म्हणाले. मी शेतकरी माणूस, हे ऐकून जरा वेळ काही बोललोच नाही. आमचा सगळा कायदा पेरण्यावर उभा. पेरलं त्याचं पीक. न पेरलेलं कुणाचं, ह्याचा विचार आम्ही करत नाही, मोकळं दिसलं की बांध सरकवतो.

अशा राया सगळ्या सह्याद्रीत आहेत. निनाई, वाघजाई, जुगाई, भैरी, म्हसोबा, नावं वेगळी, नेम तोच. कुऱ्हाड नाही, कोयता नाही, काही ठिकाणी पायताण सुद्धा नाही. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ ह्या दोघा शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवराया पायी फिरून नोंदवल्या. श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावच्या लोकांनी आपली राई तुटू नये म्हणून मदत मागितली होती, कारण गावचा ओढा त्या राईतनं निघत होता. ते लोक अडाणी नव्हते. झाड, सावली, पाला, ओल आणि ओढा ही साखळी त्यांना दिसत होती. फक्त ती सांगायची भाषा देवीची होती. पोराला 'पाणलोट क्षेत्र' म्हणून सांगितलं तर तो विसरतो. 'आई रक्त ओकायला लावील' म्हणलं तर जन्मभर विसरत नाही.

आता जे लिहायचं आहे त्याच्यासाठी मी हे सगळं लिहिलं.

आमच्या गावाला पण राई आहे. गावाचं नाव लिहीत नाही. माळाच्या खालच्या अंगाला, ओढ्याच्या काठानं, पूर्वी एकराच्या वर असेल. मध्ये देवीचा तांदळा, उघड्यावर, वर छप्पर नाही. गोष्ट अशी सांगायचे की एकानं घराच्या आढ्यासाठी राईतला ऐन तोडला. घर झालं, पण घरात माणूस टिकेना. शेवटी आढं काढून परत राईत आणून ठेवलं. लहानपणी ते कुजलेलं लाकूड आम्हाला दाखवायचे, हेच ते म्हणून. आम्ही त्याच्याजवळनं पळत जायचो.

२०११ साली जीर्णोद्धार काढला. वर्गणी झाली, कमिटी झाली, मी कमिटीत. स्लॅबचं देऊळ, पुढं मंडप, फरशी. एकोणीस झाडं आड येत होती. देवीला विचारायचं ठरलं. तांदळ्याला ओली फुलं लावून कौल घेतला. उजवं पडलं तर होकार. पहिल्यांदा डावं पडलं. कुणीतरी म्हणालं, फूल नीट बसलं नव्हतं. दुसऱ्यांदा लावलं, परत डावं. मग तिसऱ्यांदा उजव्या बाजूचं फूल जरा कोरडंच लावलं. कुणी लावलं ते सगळ्यांनी बघितलं. कुणी बोललं नाही. उजवं पडलं, भंडारा उधळला, हलगी वाजली. ठरावाला हात वर करायची वेळ आली तेव्हा मी पण केला. आमचे वडील मागं बसले होते, त्यांनी केला नाही. घरी येताना एवढंच म्हणाले, "देवीला फसवाय येतंय रं. वड्याला कसं फसवशील?"

लाकूड विकून सिमेंटचे पैसे दिले. देऊळ झकास झालं. खोटं कशाला बोलू, उद्घाटनाला फेटा बांधून मी पुढं होतो.

राईच्या खाली माझी विहीर आहे, सहा परस. वडिलांच्या काळात मे महिन्यात सुद्धा तिला दीड परस पाणी असायचं. आता मार्चच्या मध्याला तळ दिसतो. सगळं झाडांवर ढकलणार नाही. वरच्या अंगाला चार बोअर पडल्यात, त्यातली एक माझ्या चुलतभावाची. पावसाचं पण काही खरं राहिलं नाही. पण ओढा दिवाळीनंतर महिन्यात आटायला लागला तो २०११ नंतरच. हे मी रोज बघतो, कुणाच्या सांगण्यावरनं नाही. वडील २०१४ ला गेले. विहिरीबद्दल परत एक शब्द बोलले नाहीत.

उगवाईपाशी बसून हे सगळं डोक्यात फिरत होतं. बाबा म्हणाले, "कुठलं गाव?" सांगितलं. "राई हाय का?" म्हटलं, आहे. थोडी आहे. त्यांनी पुढं काही विचारलं नाही, तंबाखू पुढं केली.

उतरताना एका ओघळीला हात लावून बघितला. बोटभर धार, पण वाहती, गार. फेब्रुवारीत. भाचा म्हणाला, "मामा, हेच काय आपल्या नळाला येतंय?" म्हटलं, हे नसलं तर ह्याचा भाऊ.

राजारामपुरीत परत यायला रात्रीचे साडेआठ झाले. बहिणीनं पिठलं-भाकरी केली होती. जेवताना फोन आला, गावाकडनं. राहिलेल्या राईतली पाच गुंठं मोकळी करून गाड्या लावायला जागा आणि भक्तनिवास करायचं चाललंय, मी विसरलो नव्हतो, पण बैठकीची तारीख ठरल्याचं तेव्हा कळलं. फोन करणारा चांगला माणूस आहे, माझा मित्र आहे. म्हणाला, "तुमचं काय अडचण न्हाई न्हवं? मागच्या वेळेला तुमीच पुढं होता." म्हटलं, येतो, बैठकीला बोलतो.

दुसऱ्या दिवशी भाच्याला घेऊन गावी आलो आणि दोघांनी मिळून राई मोजली. त्यानं मोबाईलवर लिहून घेतलं. जांभूळ नऊ, करंज सहा, ऐन पाच, आंबा चार, बेहडा तीन, उंबर दोन, कुंभा दोन. एकतीस. थोरल्या उंबराला माझी कव पुरली नाही, भाच्यानं पलीकडनं धरलं तेव्हा बोटाला बोट लागलं. पाच गुंठ्यांच्या रेषेत त्यातली बारा झाडं येतात, तो उंबर धरून. विहिरीत दोरी सोडली, पाणी तीन हात.

हे आकडे आणि २०११ ची कौलाची गोष्ट मी बैठकीत उभं राहून सांगणार आहे. कोरडं फूल लावणारा माणूस समोर बसलेला असेल आणि त्याला राग येईल. मला पण लोक विचारतील, तेव्हा का बोलला नाहीस. त्याला उत्तर माझ्याकडं नाही.

बैठक रविवारी संध्याकाळी सात वाजता आहे, त्याच मंडपात.